चादर बांधलेलं अस्वल

अस्वलकाकांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, मुलगी 'बाबा', आणि बाकी सगळे अस्वलकाका. मुलगी लहानपणी झोपायला फार छळायची, म्हणून त्यांनी तिच्यासाठी चित्रांचं एक पुस्तक काढलं होतं. पेंगुळलेलं अस्वल झोपायला जागा शोधत हिंडतं. कोंबड्यांच्या खुराड्यात जातं, गाढवाच्या तबेल्यात जातं, न्हाव्याच्या दुकानातल्या बाकाशी जातं आणि प्रत्येक पानावर एवढंच विचारतं, "थोडं सरकता का?" जो तो सरकतो. गोष्ट एवढीच. पण पुस्तक छापलं गेलं आणि घराघरात पोचलं. ते ऐकत झोपलेली पोरं मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या पोरांना तेच वाचून दाखवू लागली.

साठी ओलांडली आणि काकांचा उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला. आधी कपबशी वाजायला लागली. मग शर्टाची बटणं बायको लावून देऊ लागली. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं, आणि तो बरा होत नाही हेही सांगितलं.

घरी येताना काकांनी बायकोला बजावलं, "कुणाला बोलायचं नाही. लोक भेटायला येतात आणि अशी तोंडं करतात की आपणच त्यांना धीर द्यावा लागतो."

अशात एक दिवस प्रकाशक आला. जुने मालक वारले होते, आता त्यांचा हा मुलगा सगळं बघत होता. काकांनी हात मांडीखाली दाबून ठेवला.

"काका, खरं सांगू? अस्वल आता खपत नाही," तो म्हणाला. "पोरांना सुपरहीरो लागतो. तुम्हीच तुमच्या अस्वलाची टर उडवा. तेच अस्वल, तीच पानं, पण ते जग वाचवायला निघालंय. दुसऱ्या कुणी केलं तर तुम्हाला बरं वाटेल का?"

तो गेल्यावर बायको उसळली. "स्वतःच्या पोराला सोंग घालून नाचवायचं? काही नको."

काकांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. मग म्हणाले, "हात पुरता जायच्या आत एक पुस्तक करायचंय गं. हे तर हे."

त्यांनी अस्वलाच्या पाठीवर चादर बांधली आणि पँटवरून चड्डी चढवली. हे अस्वल वाचवायला गेलं की घोळ घालायचं. मजेत पोहणाऱ्या माणसाला ते ओढून काठावर टाकी. आजीच्या चुलीवर आग लागली म्हणून बादली ओती, आणि आजी आपल्या विझलेल्या चुलीपुढे कमरेवर हात ठेवून उभी. खाली ओळ असायची, "सरका, मी वाचवायला आलोय!" लिहिताना काका स्वतःशीच हसत. हसू थांबायचं ते पेन्सिल कागदाला टेकली की. रेघ सरळ येईचना. अस्वलाचं पोट लाटेसारखं हलायचं, चादरीची कड करवतीसारखी निघायची. काका कागद चुरगाळून फेकत.

एकदा बायकोने मागे उभं राहून त्यांचं मनगट घट्ट धरलं. रेघा सरळ आल्या. दोघांनी चित्र पाहिलं.

"मेलेलं दिसतंय," काका म्हणाले.

तिने मनगट सोडलं. मग जसा हात हलेल तसं त्यांनी काढलं आणि तेच देऊन टाकलं.

प्रकाशक पानं बघून हसून हसून लोटपोट झाला. "काय रेघ आहे काका! चादर खरंच फडफडतेय. अस्वल उडतंय आणि वर टरकलंयसुद्धा! ही स्टाइल इतकी वर्षं कुठे लपवली होती?" पुस्तक हातोहात खपलं. जो तो त्या थरथरत्या रेघेचं कौतुक करू लागला.

मग एका वाचनालयाने त्यांना मुलांसमोर चित्र काढायला बोलावलं. बायको नको म्हणत होती, पण काका गेले. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी खडू उचलला, आणि एवढी माणसं बघून हात नेहमीपेक्षा जास्त थरथरू लागला. खडू फळ्यावर टकटक वाजू लागला. पोरं खिदळली. त्यांना वाटलं, काका अस्वलाची नक्कल करतायत. हात आवरायला गेले तर खांदाही हलू लागला, तशी पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटू लागली. बायको मागच्या रांगेतून उठून पुढे यायला निघाली. काकांनी तिला पाहिलं, मान हलवून थांबवलं, आणि मुलांकडे वळून म्हणाले, "अस्वलाला वर आभाळात फार थंडी वाजते ना, म्हणून."

सगळं सभागृह हसलं. ती भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.

घरी आल्यावर काकांनी स्वतःच प्रकाशकाला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.

"काका, हे आपल्यातच ठेवू," प्रकाशक म्हणाला. "कळलं तर कुणी हसणार नाही."

पुस्तकाचा दुसरा भाग एका धडधाकट चित्रकाराने काढला, काकांची रेघ गिरवून. कव्हरवर काकांचं नाव घालायचं ठरत होतं. कच्ची पानं पाहून काका पहिल्यांदाच प्रकाशकावर ओरडले. "याला थरथर काय कळते? हा मुद्दाम हलवतोय! माझं नाव काढ." नाव निघालं. पुस्तक तेवढंच खपलं.

त्यानंतर आजार झपाट्याने वाढला. उंबऱ्यापाशी पाय जागीच खिळायचे, घास घशात अडकायचा, आणि शेवटी तर चेहराही हलेना. मुलगी येऊन जोक सांगायची. बाबांना हसू आलं की नाही, हे तिला कळत नसे. डोळ्यांच्या कडांकडे बघून ती आपला अंदाज बांधायची.

काका गेले तेव्हा घरी खुर्चीत होते. बायको आत सूप गरम करत होती.

प्रकाशकाने काकांच्या चित्रावरून केलेलं माणसाएवढं पुठ्ठ्याचं अस्वल पाठवलं, चादर उडवणारं, गळ्यात फुलांचा हार घातलेलं. कुणीतरी ते दारातच उभं केलं. भेटायला येणाऱ्यांना ते बघून आधी हसू फुटायचं आणि मग माना खाली जायच्या. मुलगी संतापून ते फाडायला धावली.

"फाडू नकोस. त्यांनीच काढलंय ते," आई म्हणाली.

तिने हार काढून टेबलावर ठेवला. अस्वल तिला एकटीला उचलवेना, म्हणून दोघींनी मिळून ते आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. मग आई बाहेर येऊन माणसांत बसली.