दाखव म्हणणारी बहीण

परवाच्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचा वाढदिवस झाला. यंदा आमच्या घरात गोड करायचं नव्हतं. माझी पत्नी माघात गेली, तिचं वर्ष अजून सरायचं आहे. बहिणीने आठवडाभर आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, "गोड नाही तर नाही, दादा. बांगड्याचं तिखलं कर. आणि तूच कर. शेजारून आणलेलं मला कळतं."

ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी तिला बाय म्हणतो. लहानपणी मी पुस्तकात वाचलेलं तिला सांगायचो आणि ती एकच शब्द बोलायची, "दाखव." एकदा मी सांगितलं की जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. झालं. मला तिला घेऊन गावाबाहेरच्या चिरेखाणीवर जावं लागलं. ताज्या कापलेल्या चिऱ्यावर तिने नख ओढलं, चरा उमटला. घरी आल्यावर कुंपणाच्या जुन्या जांभ्याच्या गडग्यावर ओढलं, नख तुटलं. आई माझ्यावर चिडली. बाय मात्र तुटलेलं नख चोखत म्हणाली, "खरं आहे दादाचं." पुढे मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली, पण एवढी पक्की पावती मला कोणी दिली नाही.

आज ती लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. चालू कारखाना थांबवायचा अधिकार तिथे मोजक्यांना असतो, त्यांतली ती एक. एकदा पाळी बदलताना तिने फोनवर विचारलं, अमुक व्हॉल्व्ह बंद आहे ना. पलीकडून उत्तर आलं, "बंद आहे, मॅडम." "दाखवा," म्हणून ती स्वतः चालत गेली. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा होता. तिने काम थांबवलं आणि सगळी माणसं बाहेर काढली. वरचे साहेब येऊन वाया गेलेल्या मालाबद्दल बोलत राहिले, ती ऐकत उभी राहिली. शेवटचा माणूस बाहेर आल्यावर तिने पाणी मागितलं. यातलं काही तिने मला सांगितलेलं नाही. त्या पाळीतला एक फिटर सुट्टीवर रत्नागिरीला आला होता, त्याने ग्रंथालयात मुलीसाठी पुस्तकं निवडता निवडता सांगितलं. "तुमची बहीण आहे होय? मग बसतो जरा," म्हणाला.

पत्नी गेल्यावर पुष्कळ लोक भेटून गेले. सगळ्यांनी विचारलं, कसे आहात. मी ठीक आहे म्हणालो. बायने मात्र हा प्रश्न एकदाही विचारला नाही. तिचं म्हणणं, कसं आहे असं विचारलं की माणूस ठीक म्हणतो, कारखान्यातही आणि घरातही. ती रोज संध्याकाळी फोन करायची.

"काय शिजवलंस?"

"आमटीभात."

"ताट दाखव."

मग फोनचा कॅमेरा ताटाकडे वळवायचा. एकदा मला काही करावंसं वाटलं नाही म्हणून मी रिकामं ताट दाखवून जेवण झालं म्हणालो.

"ताट कोरडं आहे, दादा."

"पुसून ठेवलं."

"तू? ताट पुसून? वहिनीने ऐकलं तर परत येईल ती."

त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी हसलो. मग उठून पिठलं टाकलं.

दर शनिवारी ती एसटीने यायची, रविवारी संध्याकाळी परत जायची. असं चाललेलं असताना तिला गुजरातमधून बोलावणं आलं. तिथल्या एका फार मोठ्या प्रकल्पात सुरक्षेचं मुख्य पद. ज्या कामासाठी ती इतकी वर्षं झिजली तेच. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं आणि नाही म्हणायचं हे तिने मनाशी जवळपास ठरवलं होतं. कारण मी. तिने ते पद घ्यावं, निदान माझ्यापायी सोडू नये, अशी माझी फार इच्छा होती. माझं मला नीट जमतं हे तिला दिसावं म्हणून रविवारी सकाळी मी मासेवालीला हाक मारली. पत्नी गेल्यापासून मी तिला फाटकातूनच परत पाठवत असे.

"आज सूर्य खयसून उगवला?" टोपली उतरवत ती म्हणाली.

"बहिणीचा वाढदिवस आहे. मी रांधणार आहे."

"तुम्ही?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग दोन जास्त घ्या. एखाद-दुसरा करपायचाच."

तिखलं शिजत होतं तोवर बाय घरभर फिरली. गॅसची नळी वाकवून पाहिली. गोळ्यांच्या पाकिटातल्या किती संपल्या ते पाहिलं. फ्रीज उघडून वास घेतला. कारखान्यात ती अशीच फिरत असणार, मागे हात बांधून, काही न बोलता. खोट काढण्यासारखं तिला काही सापडलं नाही. मी मनात खूश होतो.

जेवायला बसलो. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "तिरफळं थोडी जास्त झाली. पण छान आहे."

"आता हो म्हणून कळव त्यांना," मी म्हणालो. "बघितलंस ना सगळं?"

"बघितलं. मी गेले तर चालेल तुला?"

हो म्हणायचं मी आठवडाभर घोकलं होतं. पण समोर ती बसली होती, काटे काढून ताटाच्या कडेला नीट लावत.

"नाही चालणार," मी म्हणालो. "शनिवारी दुपारपासून मी पडवीत बसून फाटकाकडे बघतो. पुस्तक हातात असतं, पान उलटत नाही. रविवारी तू गेलीस की हे घर मला खायला उठतं. तरी तू जावंस असं मला वाटतं."

ती जेवायची थांबली.

"हे तू आज पहिल्यांदा सांगितलंस."

"तू फक्त काय शिजवलंस एवढंच विचारायचीस."

ती हसली, मग तिचे डोळे भरून आले. डाव्या हाताने तिने ते पुसले. "दादा, सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाला सोडून मला कुठे जाता येत नाही. कामावरही नाही. कुठे बिघडलंय हे जो स्वतःहून सांगतो, त्याच्यावर सोपवून मी निर्धास्त घरी जाते."

"मग?"

"मग तू हे असंच सांगत जा. फोनवर. ताट नाही दाखवलंस तरी चालेल."

भरल्या पानावरून उठू नये हे आईने आम्हा दोघांना सारखंच शिकवलं होतं. तरी ती उठली, हात धुतला आणि फोन घेऊन अंगणात गेली. माडाखाली उभी राहून ती कोणाशी तरी हिंदीत बोलत होती. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण मान होकारार्थी हलताना दिसली. परत येऊन ती पानावर बसली आणि म्हणाली, "भात आहे ना अजून?"

होता. मी वाढला.