प्रभाताईंचा पट्टा

पक्षी मोजायला सुरुवात करण्याआधी प्रभाताई डोळे मिटून घेत. डिसेंबरातली सकाळ, सिएटलच्या उत्तरेची खाडी, अंगावर चालून येणारं धुकं आणि काठावर डोळे मिटून उभी असलेली पाच फुटांची नागपूरकर बाई. मी थंडीने पाय आपटायला लागलो की त्या म्हणत, "काय करून राहिला रे? आपण आलो हे खाडीला विसरू दे आधी." मग डोळे न उघडताच बोट करत. "तिकडे. पन्नासेक असतील." मी दुर्बीण लावायचो, आणि थोड्या वेळाने धुक्यातून काळे ठिपके एकेक करून वर यायचे. पन्नासच्या आसपासच असायचे. मला ते कधी आवडलं नाही. न दिसणारी गोष्ट माणसाला इतकी नेमकी ठाऊक असू नये.

सिएटलजवळच्या बॉथेलला माझं गोदाम आहे. बंद पडलेल्या हॉटेलांच्या भट्ट्या आणि फ्रीज मी घेतो, नव्या हॉटेलवाल्यांना विकतो. या देशात मी भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि जे उभं केलं ते घासाघीस करून केलं. प्रभाताई तिथल्याच एका औषधांच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यावर त्याची व्हॅन विकायला त्या माझ्याकडे आल्या. मी नेहमीसारखा निम्म्यावर सुरू झालो. टायरला खोड काढली, रंगाला काढली, इंजिनाच्या आवाजाला काढली. पाऊण तासाने त्यांचा आकडा होता तिथेच.

"ताई, थोडं तरी खाली या."

"वाढवून सांगितलं असतं तर खाली आले असते न."

वर त्यांनीच एक अट घातली. दर डिसेंबरात एक दिवस त्यांना पक्षी मोजायला न्यायचं. एखादं वर्ष नेऊ, मग विसरतील, असं धरून मी हो म्हणालो. नऊ वर्षं नेलं.

मोजणीची पद्धत साधी. किनाऱ्याचे पट्टे पाडलेले असतात, एकेक पट्टा एकेकाच्या नावावर. ठरलेल्या दिवशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत आपल्या पट्ट्यात दिसले तेवढे पक्षी लिहून पाठवायचे. प्रभाताईंच्या पट्ट्यात चार थांबे होते, आणि त्यांचा जीव ब्रँटवर. ब्रँट म्हणजे काळसर, लहान समुद्री हंस. बर्फाच्या प्रदेशातून हिवाळ्यापुरते खाली येतात आणि पाण्यावर बसून घशातल्या घशात बोलत राहतात. प्रभाताईंचा स्वतःचा एक नियम होता, दोघांनी पाहिला किंवा दोघांनी ऐकला तरच पक्षी कागदावर जाईल. मी तिथेही सवयीने भाव करायचो. "चौसष्ट कशाला ताई, सत्तर लिहा." त्या पेन थांबवून माझ्याकडे बघत. "उरलेले सहा तू उडून दाखवतो का?"

आठव्या वर्षी त्यांची नजर मधोमध जायला लागली. समोरच्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. हे त्यांनी मला सांगितलं, मुलीला सांगितलं नाही. नवव्या वर्षी निघण्याआधी व्हॅनमध्ये बसून म्हणाल्या, "दिलीप, पट्ट्यावरचा माझा हा शेवटचा कागद. आज डोळे तुझे."

पहिल्या थांब्यावर धुकं जागोजागी फाटत होतं. भरती पूर्ण आलेली, पाणी ओतलेल्या शिशासारखं. मी दुर्बीण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. एकही पक्षी नव्हता. ब्रँट नाहीत, बदकं नाहीत, एरवी डोकं उठवणारे सीगलसुद्धा नाहीत. लाट काठाला लागत होती, पण तिचाही आवाज नव्हता. नऊ वर्षांत अशी खाडी मी पाहिली नव्हती.

"किती रे?"

बाईचा शेवटचा कागद कोरा जाऊ द्यायचा? मी म्हणालो, "एकशे सत्तावीस." गोल आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला धंद्याने शिकवलं आहे. त्यांनी जाड मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं. दुसऱ्या थांब्यावर मी त्र्याऐंशी सांगितले, तिसऱ्यावर एकशे चार. तेही त्यांनी लिहिलं.

चौथ्या थांब्यावर त्यांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. दहा मिनिटं झाली असतील.

"दिलीप, सकाळपासून तू काही ऐकलं?"

"धुक्यात आवाज येत नाही, ताई."

"धुक्यात जास्त येतो." त्यांनी कागदावरचे तिन्ही आकडे उभ्या-आडव्या रेघांनी खोडले. "तीनशेच्या वर पक्षी, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही? माझी कीव करत होता, की खाडीची?"

माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं ड्राइव्ह करतोय, थर्मास उचलतोय, आणि वर हे. मी बोलणार तेवढ्यात आवाज आला. घशातला, खालच्या पट्टीतला, एकदाच. पाण्याकडून नाही, आमच्या पाठीमागून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. मी गर्रकन वळलो. मागे रिकामी व्हॅन आणि ओलं गवत.

"एक," प्रभाताई हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "ऐकला न?"

"मी काहीच ऐकलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी मार्करचं टोपण लावलं. दोघांनी ऐकला नव्हता, म्हणून लिहिला नाही. ब्रँटच्या रकान्यात शून्य गेलं.

जानेवारीत कळलं की त्यांनी तो पट्टा लिंडा नावाच्या एका बाईला दिला. ती दोन वर्षं शेजारच्या पट्ट्यात मोजत होती. मी नऊ. आजही ते आठवलं की माझ्या कपाळाची शीर उडते. मार्चमध्ये त्या आजारी पडल्या तेव्हा भेटायला गेलो, ते भांडायलाच. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दिलीप, त्या दिवशी ऐकला होता न रे तू?"

"आधी मला सांगा, पट्टा मला का दिला नाहीत?"

"आधी तू सांग."

"नाही, आधी तुम्ही."

त्या हसल्या. "मी खाली येत नाही, ठाऊक आहे न तुला?"

मीही येत नाही. चहा संपवला आणि उठलो. समोरच्याला विचार करायला वेळ द्यावा, दोनतीन आठवड्यांत तोच फोन करतो, हा माझा अनुभव. अठराव्या दिवशी फोन आला, त्यांच्या मुलीचा. "काका, आई पास्ड अवे धिस मॉर्निंग."

अंत्यविधीनंतर मी लिंडाला गाठलं आणि सांगितलं, त्या दिवशी एक होता, मीही ऐकला होता, कागदावर एक कर. तिने माझा हात धरला. म्हणाली, "सॉरी दिलीप, इट्स क्लोज्ड. लिस्ट फेब्रुवारीतच गेली." मी तासभर घासाघीस केली. पार्किंगमध्ये, पावसात, वाढलेल्या आवाजात. तिला काही बदलता येत नव्हतं.

प्रभाताईंच्या शेवटच्या वर्षापुढे शून्य आहे. ते त्यांचं नाही. ते मी लिहवून घेतलं.