मास्तरांचा पुलर
लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझे वडील आमच्या ह्यांच्याशी थेट बोलत नसत. मूर्तिजापूरजवळच्या गावात आमची काळी जमीन. वडिलांना शेतीवाला जावई हवा होता आणि मी हट्टानं अमरावतीचा भूमितीचा मास्तर पसंत केला. लग्न त्यांनी थाटात लावून दिलं, राग मात्र सोडला नाही. दोघं शेजारीशेजारी जेवायला बसले, की वडील मला म्हणायचे, "तुह्या मास्तरले विचार, भात पाह्यजे काय." हेही माझ्याकडेच बघून म्हणायचे, "नको म्हणावं." मी वाढू की निरोप पोचवू, असं व्हायचं.

साठ सालानंतरच्या एका दिवाळीत आम्ही माहेरी असताना वडिलांची मोटारसायकल बंद पडली. ठिणगीच पडेना. ठिणगी पाडणारे पॉइंट इंजिनातल्या एका जड चाकाच्या मागे होते आणि ते चाक दांड्यावर असं घट्ट बसलं होतं, की गावच्या मिस्त्रीनं हातोडाच उचलला. ह्यांनी त्याचा हात धरला. "तडा जाईल. चाक ओढून काढायला पुलर लागतो. मी बनवतो." वडिलांनी मला सांगितलं, "बाजाराच्या दिवसापर्यंत म्हनावं. मंग भंगारात." गाडीचं काय व्हायचं ते होवो, पण हे फसले असते तर आयुष्यभर निरोप मलाच पोचवावे लागले असते. मला झोप येईना.

पुलर म्हणजे एक जाड पट्टी. कडेच्या दोन भोकांतून बोल्ट घालून ती चाकाला बांधायची आणि मधला बोल्ट दांड्यावर दाबत न्यायचा, म्हणजे चाक सुटून येतं. ह्यांनी त्याचं चित्र काढलं ते इतकं देखणं, की भिंतीवर लावावं. ते घेऊन हे रेल्वेनं अकोल्याला लेथवाल्याकडे गेले. संध्याकाळी परत आले आणि पट्टी चाकावर धरली. भोकं चाकाच्या बाहेरच जात होती.

वडिलांनी मिशीत हसू दाबलं. "तुह्या मास्तरले विचार, हे ट्रॅक्टरचं आनलं काय."

लेथवाल्याची काही चूक नव्हती. त्यानं चित्रावर माप ठेवलं आणि चित्राबरहुकूम केलं. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दिसावं म्हणून प्रत्येक आकृती दुप्पट काढायची सवय ह्यांच्या हाताला होती, आणि आकडे घालायचे राहूनच गेले होते. विद्यार्थ्यांचे गुण हे ह्याच चुकीसाठी कापत. मी तसं बोलून दाखवलं. हे तासभर माझ्याशीही बोलले नाहीत, म्हणजे घरात बोलणारी मी एकटीच उरले.

बाजार दुसऱ्याच दिवशी होता. सकाळी मी कुंकू तेलात कालवलं, चाकाच्या तोंडाला फासलं आणि वर वहीचा कागद दाबला. भोकं कागदावर जिथल्या तिथे उठली. "आता चित्र काढू नका," मी म्हटलं. ह्यांनी निमूट कागद घेतला. गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा तुकडा तापवून कागदावरच्या खुणांप्रमाणे तीन भोकं पाडली. बोल्ट ह्यांनी अकोल्याच्या दुकानातून मापाचे तयारच आणले होते, ते कामी आले, मधल्याला खालून नट लावला.

ह्यांनी पाना फिरवायला घेतला. वडील ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून होते. ह्यांच्या कपाळाची शीर तटतटली. मला देव आठवायला लागले. मग ठक्क आवाज झाला आणि चाक ह्यांच्या हातात आलं. पॉइंट घासून पुसून बसवायला अर्धा तास लागला. दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली.

वडील पेपर ठेवून उठले. टोपी नीट केली, गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी चालवायची परवानगी आजवर त्यांच्या सख्ख्या भावालाही नव्हती. ते ह्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी समोर बसा, मास्तर. मी मांगं बसतो. बाजारात जाऊन येऊ."

हे सवयीनं माझ्याकडे बघायला लागले. काय निरोप आहे, ते मी सांगायची वाट बघत. मी नुसतं वडिलांकडे बोट दाखवलं. बोलले असते तर रडले असते.