वहिनींसाठी टब

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी थोरल्या वहिनींचं नाव घेतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण शाळेतलं सगळं गणित स्वयंपाक करता करता त्यांनी माझ्याकडून करून घेतलेलं आहे.

हल्ली त्यांचे गुडघे आखडलेत. रोज गरम पाण्यात पाय सोडून बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, भाईंदरला आमच्याकडेच राहा. तर फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या खेपेला तुमच्या बायकोने मला धरून अंघोळीला नेलं. पोरगी गुणाची आहे. पण माझी अंघोळ मीच करणार. ते जमत नसेल तर मी इथेच बरी."

बाथरूमच्या फरशा बदलायच्याच होत्या. मी टब बसवायचं ठरवलं.

"आपण टँकर मागवतोय आणि तू टब आणतोयस?" शेजारचे काका म्हणाले. "गच्चीवर स्विमिंग पूल पण काढ!"

मी परीक्षेसारखा अभ्यास केला. बिडाच्या टबात पाणी बराच वेळ गरम राहतं, पण तो चार माणसांनाही उचलत नाही. फायबर हलकं, मला ते स्वस्तातलं वाटलं, म्हणून आधीच बाद केलं. राहिलं ॲक्रिलिक. काशीमीऱ्याच्या दुकानात मी एकेक टब बोटाने वाजवून बघत होतो.

"साब, तरबूज है क्या?" दुकानदाराने विचारलं.

बायको म्हणाली, "वाजवताय काय? आत बसून बघा."

बूट काढून बसलो. बसलो खरा, पण उठताना दुकानदाराच्या खांद्याला धरावं लागलं.

"तुमचे गुडघे तर चांगले आहेत ना?" बायकोने विचारलं. टब कशाचा घ्यायचा याचा मी एवढा विचार केला होता. वहिनी त्याच्या काठावरून आत कशा जाणार, याचा केलाच नव्हता. रिकाम्या हातांनी परत आलो.

बायकोच्या ऑफिसमधली मैत्रीण उत्तनची. तिचा भाऊ मासेमारीच्या बोटींना फायबर चढवतो. बायकोने त्याला विचारलं, पाहिजे तसा टब फायबरमध्ये होतो का? तो माप घ्यायला आला. बायकोने कागदावर काढून दाखवलं: एका बाजूला खुर्चीएवढा उंच, रुंद काठ. त्यावर बसायचं, वळायचं, एकेक पाय आत घ्यायचा, मग आतल्या पायरीवर सरकायचं.

"गळणार नाही ना?" मी विचारलं.

"बोटीत पाणी येऊ देत न्हाय, टबातनं जाऊ देईन काय?" तो म्हणाला.

टब बसला. फोनवर वहिनी मला बोलूच देत नाहीत, म्हणून पत्र लिहिलं:

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार,

टब तयार आहे. बोटीसारखा निळा आहे, हसू नका. आम्ही दोघांनीही बसून पाहिलं. धरायला दोन्हीकडे दांडे आहेत, माणूस लागत नाही. कडी आतून लागते आणि तुमच्या हाताला येईल एवढीच उंच लावली आहे. पाण्याची काळजी करू नका, आम्ही भरून ठेवू. तुम्ही आत असताना बाहेरून हाका मारायच्या नाहीत, असं हिने मला बजावलंय. मी मारणार नाही. कोणत्या गाडीने येताय तेवढं कळवा.

तुमचा,
भाऊजी