लांज्याला जाणारी मोटार

एका बंद मोटारीभोवती रोज संध्याकाळी तीन माणसं बसू लागली, की मोटार सुरू होवो न होवो, किस्से मात्र पहिल्याच हँडलला सुरू होतात! आमच्या दादांच्या मोटारीचं तसंच झालं. लोक अजून म्हणतात, "मास्तर, तो बैलांचा किस्सा सांगा." मी सांगतो, हसवतोही. शेवटचा मात्र टाळत आलो.

दादा आमचे रत्नागिरीतले शेजारी. तेव्हा मुंबईला माणसं आगबोटीनं ये-जा करायची आणि दादांचा उभा जन्म आगबोटीच्या इंजिनखोलीत गेलेला. नोकरी संपवून घरी आले आणि बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची जुनी, बंद पडलेली मोटार त्यांनी विकत घेतली. "इंजिन मीच उघडनार, मीच बांदनार. घरच्या घरी!" मदतीला आम्ही दोघे. मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर, आणि दुसरा शिडाच्या होडीवर म्हातारा झालेला अब्बास तांडेल. मोटारीतलं आम्हा दोघांना सारखंच कळत होतं!

*

मोटार घरी आली ती बैल जुंपून. दादा कोट घालून चाकामागे ताठ बसलेले. आळीतली माणसं बघायला बाहेर आली, तसा दादांना चेव आला आणि त्यांनी हॉर्नचा रबरी फुगा जोरात दाबला. बैल असे उधळले, की उतारावरून मोटार थेट विहिरीच्या कठड्याला जाऊन थांबली!

अब्बास धापा टाकत मागून आला. म्हणाला, "दादानू, मशीन कशाला बांदताव? बैलच फर्स्टक्लास हायत!"

*

मग इंजिन पडवीत उघडलं. दादांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्यांच्या परातीत घासलेटात पिस्टन भिजत पडले. अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती, त्यांच्याच शेजारी दादांनी धुतलेले व्हॉल्व ओळीनं मांडले. भाताला घासलेटाचा वास, चहाला घासलेटाचा वास.

एकदा आम्ही जेवायला होतो. वहिनींनी आतून विचारलं, "आमटीत काय घालू वो? सोलं, की तुमचे व्हॉल?"

दादा मान वर न करता म्हणाले, "व्हॉल नको. ते मापात बसवलेत!"

*

या वहिनींचं माहेर लांज्याचं. तिथं त्यांची म्हातारी आई एकटीच राहायची, आणि तिला भेटून यावं एवढंच वहिनींचं मागणं. तोवर लांज्याला भाड्याची सर्व्हिस मोटार रोज सुटायला लागली होती. सकाळी बसलं की दुपारी आईच्या दारात. पण दादांचा हट्ट! "घरात मोटार असताना माजी बायको सर्विसच्या गाडीत कोंबून जानार? नाय. आट दिवस थांब."

लांज्याला समुद्र नाही, म्हणून वहिनी आईसाठी सुके बांगडे बांधून ठेवायच्या. आठ दिवसांचे महिने व्हायचे. मग गाठोडं सुटायचं, आणि ते बांगडे निखाऱ्यावर भाजून आमच्याच पानात पडायचे. काय चव होती!

*

अखेर इंजिन बांधून झालं. दादांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीत कायबाय वाकडं ऱ्हायलं असंल, तर तां सरळ कर!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अब्बासचा!

हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं! मी चक्क नाचलो. वहिनी गाठोडं आणायला आत धावल्या.

त्या बाहेर आल्या, तेव्हा दादांनी काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं होतं. म्हणाले, "टकटक हाय. बारीक हाय, पन हाय." आणि इंजिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुन्हा परातीत!

आगबोटीतली शिकवण ती. तिथं मशीन अर्धवट उघडत नाहीत आणि शंका ठेवून बंदर सोडत नाहीत. दादा म्हणाले, "मशीन भर समुद्रात बंद पडली तर कोन येनार?"

अब्बास म्हणाला, "दादानू, लांज्याच्या वाटंवर समुद्र कुटं हाय?"

*

असं आणखी एकदा झालं. पुन्हा हँडल, पुन्हा टकटक, पुन्हा परात. आणि इंजिन पडवीभर पसरलेलं असताना एका पहाटे लांज्याहून माणूस निरोप घेऊन आला. म्हातारीचा भरवसा नाही, लेकीची वाट बघतेय.

दादा म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत बांदतंय. उद्या नक्की."

वहिनींनी पदर खोचला. गाठोडं उचललं आणि चालू लागल्या. सोबतीला अब्बास गेला.

सर्व्हिस मोटारीत त्या गाठोडं मांडीवर धरून बसल्या होत्या, असं अब्बासनं नंतर मला सांगितलं. अर्ध्या वाटेत फक्त एकदा बोलल्या. "तांडेलानू, ह्या गाडीचं मशीन टकटक करतंय ना?"

"करतंय, वयनी."

"कवापासून?"

"रत्नागिरी सोडल्यापासून."

त्या पोचल्या तेव्हा आई गेलेली होती. दिवसकार्य उरकून वहिनी परत आल्या, गाठोडंही तसंच परत आलं. ते आमच्यासाठी कधी सुटलं नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात इंजिन खरोखर पुरं झालं. दादांनी काठी लावून ऐकलं, मग मला ऐकवलं, मग अब्बासला. टकटक नाही. नावालासुद्धा नाही. एवढं सुरेख चालणारं यंत्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तरीही आमच्यातलं कुणी हसलं नाही.

दादांनी मागची सीट स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसली. वहिनी बाहेर आल्या, पदर सावरून आत बसल्या. दादा चाकामागे बसले. मग मागे न वळता, हळूच म्हणाले, "सांग. कुटं नेऊ?"

"कुटंपन न्या," वहिनी म्हणाल्या. "लांज्याची वाट तेवढी सोडून."