आधी बोलेल तो हरला

व्यवस्थापनाच्या पुस्तकाला हार घातलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. आणि तो माझ्यामुळंच घातला गेला होता.

मी नांदेडच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. गाव हदगावकडं. तिथं माझ्या थोरल्या भावानं नऊ शेतकरी गोळा करून शेतकरी कंपनी काढली आणि स्वतः अध्यक्ष झाला. सगळ्यांचं सोयाबीन एका गोदामात ठेवायचं, अडत्या मधे न घालता थेट लातूरच्या तेल गिरणीला विकायचं. पहिला माल गिरणीनं उचलला नाही, तर जो तो आपापली पोती घरी नेईल आणि कंपनीची पाटी दादाच्या गोठ्यावर लागेल, हे गावानं आधीच ठरवून टाकलं होतं.

दादाचा फोन आला. "तू मास्तर हायस न्हवं? कंपनी कशी चालवतेत त्याची पुस्तकं सांग."

मला कोण आनंद! इतकी वर्षं पोरांना वाचनाची यादी देतोय, आपणहून कुणी मागितली नव्हती. मी तीन पुस्तकं धाडली. पहिलं ताळेबंदाचं, दुसरं नेतृत्वाचं, तिसरं सौदा कसा करावा याचं. वर चिठ्ठी लिहिली, 'सर्वांनी वाचावीत.'

तिथंच माझी चूक झाली. आमच्या गावात सर्वांनी पुस्तक वाचायची एकच रीत आहे.

आठवड्यानं मी गावी गेलो, तर मारुतीच्या पारावर मंडप! चौरंगावर तिन्ही पुस्तकं, वर झेंडूचा हार, पुढं समई. एक संचालक वाचक झालेला, म्हणजे मोठ्यानं वाचणारा. शेजारी सूचक, म्हणजे अर्थ फोडून सांगणारे, कंपनीतले सगळ्यात वयस्क संचालक. सगळे त्यांना आबा म्हणत.

नेत्यानं कामं वाटून द्यावीत, असं वाचकानं वाचलं. आबांनी हात वर केला.

"म्हंजे काय? बैल ठिवलाय तर औत त्यालाच वढू द्यावं. आपुन जू खांद्यावर घिऊ नाई. कळलं का, अध्यक्ष?"

"कळलं, आबा," दादा हात जोडून म्हणाला.

आदल्या दिवशी ताळेबंदाच्या पुस्तकाची समाप्ती झाली होती. शेवटच्या पानावर दोन्ही बाजू सारख्या आल्या, तेव्हा बायकांत बसलेल्या एका म्हातारीनं डोळे पुसले होते म्हणे. "जुळलं बाई एकदाचं!"

पारायणाच्या तिसऱ्या दिवशी सौद्याचं पुस्तक लागलं आणि नेमके त्याच वेळी लातूरचे शेठ, गिरणीचे खरेदीदार, मागं रिकामा ट्रक घेऊन गाडीतून उतरले. आता अध्याय चालू असताना कुणी उठायचं नाही. शेठनाही सतरंजीवर बसवलं, अष्टगंध लावलं. वाचक वाचू लागला की सौद्यात भाव सांगायची घाई करू नये, आधी बोलेल तो हरला.

"ऐका, ऐका!" आबा रंगात आले. "समोरच्याला कितीबी गोड बोलू द्या, आपुन तोंड उघडायचं न्हाई!"

शेठ तल्लीन होऊन मान डोलावत होते.

मी दादाच्या कानाशी लागलो. "अरे, ज्याच्याशी सौदा करायचा त्यालाच शिकवून राहिलात तुम्ही! थांबव हे."

"पारायण मधी सोडलं तर कंपनी बुडती बे. गप बस."

अध्याय संपला, नारळ फुटला, मंडळी गोदामात गेली. शेठनी मूठभर सोयाबीन घेतलं, दोन दाणे चावले.

"माल बेस हाय. बोला, अध्यक्ष."

"तुमी बोला, शेठ. पाव्हणे तुमी."

"माल तुमचा."

"गिरणी तुमची."

चहा आला. दोघंही उन्हावर बोलले. दुसरा चहा आला, रस्त्यावर बोलले. तिसऱ्या चहाला विषयच संपले. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि शेठ उठले. "येतो मंग."

दादाचा चेहरा उतरला. मागं एक संचालक थप्पीकडं सरकत दुसऱ्याला विचारू लागला, "माही पोती कोन्ती बे?"

मला राहवेना. कुठला तरी आकडा माझ्या तोंडातून निघणार, तोच आबांनी माझं कोपर दाबलं. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी शेठच्या उजव्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली घातला. आबांचं निम्मं आयुष्य बैलबाजारात गेलेलं. तिथं भाव तोंडानं करत नाहीत. फडक्याखाली बोटं दाबून करतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही.

उपरणं हललं. शेठ हसले, त्यांनी मान हलवली. उपरण्याखाली दोन मुंगसं भांडावीत तशी झटापट झाली. मग एकदम शांत.

"झालं," शेठ म्हणाले.

"झालं," आबा म्हणाले.

"काय झालं?" दादा ओरडला.

आबांनी त्याचा हात उपरण्याखाली ओढला. दादाच्या तोंडावर हळूहळू रंग चढला आणि त्यानं हमालांना हाक मारली. पोती ट्रकमध्ये चढू लागली.

मी कंपनीची हिशेबाची वही उघडली. "आबा, भाव काय लिहू?"

आबांनी आधी शेठकडं पाहिलं. ते अजून दारातच उभे होते. मग आबांनी उपरणं माझ्यापुढं धरलं.

"घाल हात."

मी घातला. भाव चांगला होता.