गळाला लागलेला मोजा

गेली काही वर्षं जवळपास दर शनिवारी आम्ही तिघं मासे पकडायला जातो, आणि तिघांच्याही फ्रीझरमध्ये आजतागायत फक्त मटार आहेत. किस्से मात्र इतके साठलेत, की इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की पहिली पोळी वाढायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "ए, तो मोज्याचा सांग ना!"

सांगते. पण आधी माणसं.

प्रशांत मालवणचा. मासे म्हटलं की त्याची कॉलर आपोआप ताठ होते. मंदार पुण्याचा, अंड्याचा केकसुद्धा न खाणारा. येतो कशाला विचारलं तर म्हणतो, "शांतता मिळते." मी त्या दोघांच्याच सॉफ्टवेअर टीममधली. आणि आमचा ओढा! गावाबाहेरचा, इतका अरुंद की पलीकडच्या काठावरच्या माणसाशी हस्तांदोलन करता येईल. तो एका छोट्या मासेमारी क्लबकडे आहे आणि क्लबचे सगळ्यात जुने मेंबर हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट. फोल्डिंग खुर्ची, हिरवी टोपी, चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

*

इथे गळ टाकायचा तर आधी कोर्स, मग परीक्षा, मग लायसन्स. "मालवणच्या माणसाला हे शिकवणार?" प्रशांत रस्ताभर चिडलेला.

वर्गात सरांनी त्यालाच उभं केलं. "मासा बाहेर काढलात. सगळ्यात आधी काय करणार?"

उत्तर होतं, मासा मोजायचा.

प्रशांत म्हणाला, "बायकोला फोन."

"कशासाठी?"

"वाटण लावायला सांगायला!"

वाटणाला जर्मन शब्द काय, यावर वर्गाचा उरलेला तास गेला.

*

पहिल्याच दिवशी प्रशांतने हेर फोग्टना अदबीने विचारलं, "इथे मासे आहेत का?"

"या," हेर फोग्ट म्हणाले. म्हणजे 'हो'. पण घाबरला की प्रशांतला सगळं मराठीच ऐकू येतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला मराठी येतं आणि 'बरं, या आता' म्हणून तो आपल्याला वाटेला लावतोय. निमूटपणे सामान उचलून निघाला! आम्ही त्याला पार्किंगमधून परत आणलं.

मग धीर करून त्याने पुन्हा विचारलं, "नक्की कुठे असतात?"

हेर फोग्टनी ओढ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"पाण्यात."

*

आता मोजा. प्रशांतने मालवणी जोशात गळ फेकला. ओढा एवढासा, जोश समुद्राएवढा! गळ पाण्यावरून, झुडपांवरून गेला तो थेट पलीकडच्या बागेत. रॉड वाकला. "लागला! लागला!" प्रशांत ओरडतोय आणि झपाझप रीळ गुंडाळतोय. झुडपातून सळसळत, पाण्यावरून नाचत आला तो एक मोजा. लहान बाळाचा, पिवळा, वर बदक काढलेलं. वाळत घातलेला असणार.

आम्ही शरमेने गार. हेर फोग्ट सावकाश उठले. खिशातून टेप काढली, मोजा मोजला, टेप परत खिशात ठेवली.

"नियमापेक्षा लहान आहे," ते म्हणाले. "परत सोडा."

प्रशांत पुलावरून वळसा घालून गेला आणि तो मोजा दोरीवर चिमट्याने लावून आला.

*

मंदारला गांडूळ टोचवत नाही. त्याने डबीतला मका काढला आणि एकेक दाणा गळाला लावला. आम्ही हसून हसून लोळलो. दुपारपर्यंत त्याला चार मासे, आम्हाला शून्य!

"शाकाहारी मासे आहेत," तो शांतपणे म्हणाला.

मग हेर फोग्टनी नियम सांगितला: योग्य मापाचा मासा पकडला की उगाच सोडून द्यायचा नाही, खायचा. मंदार पांढराफटक. मक्याला भुललेले मासे घरी नेणं आम्हाला कमीपणाचं वाटलं; शेवटी चारही मासे हेर फोग्टच्या मांजरीने खाल्ले. आता ती मंदारला पाहिलं की पायात घोटाळते, आणि हा बिचारा तिला जर्मनमध्ये समजावत असतो, "अगं, मी व्हेजिटेरियन आहे!"

*

या वर्षी प्रशांतच्या सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, रत्नागिरीहून आल्या. लेकीने फोनवर जावयाच्या मासेमारीचं कौतुक जरा जास्तच केलं होतं. त्या शनिवारी प्रशांत निघताना काकूंनी दोन नारळ फोडून ठेवले. आता रिकाम्या हाताने परतणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी, देव पावला! प्रशांतला मासा लागला. सोनेरी-निळ्या ठिपक्यांचा, देखणा आणि तळहाताएवढा.

"झोनेनबार्श," हेर फोग्ट तोंड वाकडं करून म्हणाले. "बाहेरून आलेत. फार झालेत. इथलं सगळं खाऊन टाकतात."

मंदार घसा साफ करून म्हणाला, "हेर फोग्ट, तुम्ही माशाबद्दलच बोलताय ना?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून त्यांनी आम्हाला थर्मासमधली कॉफी दिली.

घरी काकूंनी तो मासा ताटलीत ठेवला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"सॅम्पल बरंय हो, प्रशांतराव. आता मासा आणा."

*

पुढच्या शनिवारी त्या स्वतःच आल्या. साडी, स्वेटर, स्पोर्ट्स शूज आणि हातात कापडी पिशवी. हेर फोग्टनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. ती खुर्ची त्यांनी आजवर कोणालाच दिली नव्हती!

थोड्या वेळाने हेर फोग्टनाच बार्श नावाचा मोठा मासा लागला. हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा, कोपरापर्यंत येईल असा. आमच्या डोळ्यांदेखत पाण्यातून काढलेला. मापून, मारून, ओढ्यात धुऊन त्यांनी तो पहिल्यांदा काकूंसमोर धरला. चक्क लाजत.

काकूंनी अंगठ्याने कल्ला उचकटला. आत पाहिलं. वास घेतला. पोट दाबलं. आणि नाक मुरडून मासा परत केला.

"नको. शिळा आहे."

हेर फोग्ट प्रशांतकडे वळले. "काय म्हणाल्या?"

प्रशांतने घाईघाईने जर्मन केलं. "म्हणाल्या, इतका सुंदर मासा आयुष्यात पाहिला नाही."

हेर फोग्टनी हिरवी टोपी काढली. कान लाल झालेले. त्यांनी तो मासा दोन्ही हातांनी काकूंच्या पुढे केला आणि किंचित वाकले.

काकूंनी तो पिशवीत टाकला आणि माझ्या कानाशी आल्या.

"बघितलंस? शिळा म्हटलं की लगेच फुकट देतात!"